मुंबईचे रस्ते आणि आपले वाडवडील

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाचा पन्नास वर्षांचा इतिहास मीं आज आपणांपुढें मांडावा, अशी समितीची मूळ सूचना होती. परंतु तो इतिहास ज्यांनीं घडविला तीं माणसें या मंडपांत पहिल्या दोन रांगांत बसलेलीं आहेत. या देवळाच्या पायाचे दगड ज्यांनीं स्वतःच्या हातांनीं उचलले, त्यांना त्यांचीच गोष्ट मीं ऐकवावी हें कांहीं शोभत नाहीं. म्हणून समितीच्या अनुमतीनें मीं त्याच्याही मागचा विषय घेतला आहे. आपण सारे येथें येण्यापूर्वीं होतों कोठें? आपल्या धर्मग्रामाच्या विवाहांच्या पहिल्या नोंदवहींत वधूवरांच्या पूर्वीच्या पत्त्याचा एक रकाना आहे. त्यांत गिरगांव, ठाकूरद्वार, कॅव्हेल, धोबीतलाव, खोताची वाडी हीं नांवें पानोपानीं येतात. हीं नुसतीं टपालाचीं नांवें नव्हेत. त्यांच्यामागें अडीचशें वर्षांचें उठणें आणि पुन्हां बसणें आहे. आणि तें वाचावयाचें असेल तर ग्रंथालयांत जाण्याआधीं पायांत वहाणा घालून रस्त्यावर उतरलें पाहिजे.

ग्रंथांचा मी अनादर करीत नाहीं. डॉ. जोझे जेर्सन द कुन्या या गोमंतकीय वैद्यानें आपला व्यवसाय सांभाळून १८७६ सालीं चौल व वसई यांच्या इतिहासावर आणि १९०० सालीं मुंबईच्या उगमावर ग्रंथ प्रसिद्ध केले. मुंबईविषयीं बोलणाऱ्या प्रत्येकानें त्यांचें ऋण मानलेंच पाहिजे. परंतु ग्रंथ बहुधा राजांचा, गव्हर्नरांचा आणि तहांचा हिशेब ठेवतो. कोळ्याची किंवा भंडाऱ्याची झोपडी कोणत्या साली उतरविली गेली, याची नोंद त्यांत क्वचितच सांपडते. ती नोंद रस्ता ठेवतो. मात्र ती वाचण्याची एक खूण आहे, ती आधींच सांगून ठेवतों. शहरांत जेथें रस्ता वांकडातिकडा जातो, तेथें समजावें कीं तो लोकांनीं चालून चालून पाडलेला आहे. विहिरीला, झाडाला, देवळाला वळसा घालून तो गेला आहे. उलट, जेथें रस्ता दोरी लावल्यासारखा सरळ आहे, किंवा जेथें दाट वस्तीच्या मधोमध एकाएकीं मैदान लागतें, तेथें थांबावें आणि विचारावें कीं, येथें पूर्वीं कोण राहत होतें?

मी म्हणतों तो फेरफटका फार लांबचा नाहीं. चर्चगेटपासून गिरगांवच्या पोर्तुगीज चर्चपर्यंत, आडवाटा धरूनही, तीन किलोमीटरांच्या आंतबाहेरच अंतर भरेल. रविवारची सकाळ त्यास उत्तम. दुकानें बंद असतात आणि घरांचे चेहरे दिसतात.

आरंभ चर्चगेटपासूनच करूं. हें नांव आपल्यापैकीं शेंकडों जण रोज तिकिटाच्या खिडकीपाशीं उच्चारतात. पण तेथें चर्चही नाहीं आणि गेटही नाहीं. गेट होतें तें मुंबईच्या कोटाचें. अपोलो गेट, चर्च गेट व बाजार गेट असे त्या तटाला तीन दरवाजे होते. सर बार्टल फ्रियर हे गव्हर्नर असतांना, १८६० नंतरच्या दशकांत, तट पाडण्यांत आला. आणि चर्च गेट जेथें उभें होतें तेथें फ्लोराचें कारंजें बसविण्यांत आलें. दरवाजाला ज्या चर्चचें नांव पडलें, तें आपल्या पंथाचें नव्हे. तें अँग्लिकन पंथाचें सेंट टॉमस. गव्हर्नर जेराल्ड आँजिए यांच्या काळीं त्याचें काम सुरू झालें, पुढें सुमारें चाळीस वर्षें अर्धवट भिंती तशाच उभ्या राहिल्या, आणि अखेर १७१८ सालच्या नाताळांत तें उघडलें. कारंज्याच्या शेजारीं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतील हुतात्म्यांचें स्मारक आहे. मराठी ज्याची मायबोली आहे त्यानें, मग तो कोणत्याही वेदीपुढें गुडघे टेकणारा असो, तेथें दोन क्षण उभें राहावें आणि मगच पुढें जावें.

येथें थोडा इतिहास सांगणें भाग आहे. १६६१ सालीं पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाशीं विवाह ठरला आणि त्या तहांत मुंबई बेट इंग्रजांना देण्याचें ठरलें. १६६५ सालीं प्रत्यक्ष ताबा गेला. १६६८ सालीं राजानें तें बेट सालीना दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकलें. बेटावरच्या कॅथलिक रयतेनें आपला धर्म निर्वेधपणें पाळावा, असें वचन तहांतच होतें. वचन पुष्कळ अंशीं पाळलेंही गेलें. तथापि १७२० सालीं पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंवर संशय येऊन कंपनीनें त्यांना बेटाबाहेर काढलें आणि त्यांच्या जागीं इटालियन कार्मेलाइट धर्मगुरू आणले. त्यांतून निघालेला तंटा पुढें येईल.

कारंज्याकडून धोबीतलावाच्या दिशेनें निघालें म्हणजे मैदानें लागतात. ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान, कूपरेज हीं चार नांवें हल्लींचीं. पूर्वीं हा सारा एकच मोकळा पट्टा होता व त्यास एस्प्लनेड म्हणत. आजचीं मुलें तेथें क्रिकेट खेळतात आणि त्यांना वाटतें, सरकारनें खेळासाठीं जागा राखून ठेवली. वस्तुतः ती जागा तोफांसाठीं राखलेली होती. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंचांशीं युद्धें जुंपलीं तेव्हां तटाच्या समोर घरें व झाडें असलीं तर शत्रूला आडोसा मिळेल, अशी कंपनीच्या सेनाधिकाऱ्यांना धास्ती पडली. म्हणून तटापुढील वस्ती उठविण्यांत आली. ही मोकळी कक्षा पुढें वाढवीत वाढवीत नेली गेली आणि १८०३ सालीं कोटांत मोठी आग लागल्यानंतर ती आणखी वाढविण्यांत आली.

या पट्ट्यांत आपल्या वाडवडिलांचें एक देऊळ होतें. आशेची माता, पोर्तुगीज भाषेंत नोस्सा सेन्योरा द एस्पेरान्सा, असें त्याचें नांव. आणि तें फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनीं उभारलेलें होतें. १७६० च्या सुमारास तें पाडण्यांत आलें व त्याची स्थापना उत्तरेस, भुलेश्वराच्या बाजूस, नव्यानें करण्यांत आली. आतां दुसरी गोष्ट ऐका. ज्या देवतेवरून या शहराला मुंबई हें नांव मिळालें असें मानतात, त्या मुंबादेवीचें जुनें देऊळही याच बाजूस, हल्लींच्या बोरीबंदरच्या आसपास होतें. अठराव्या शतकांतच तेंही उठविलें गेलें आणि पायधुणीच्या दिशेस नेण्यांत आलें. कोळ्यांची देवी आणि कोळ्यांपैकीं जे ख्रिस्ती झाले त्यांची माता, दोघींनाही त्याच शतकांत तटासमोरचें घर सोडावें लागलें. दोघींचीं नवीं घरेंही एकमेकींपासून हांकेच्या अंतरावर झालीं. भिन्नधर्मीयांच्या श्रद्धांची सरमिसळ करावी असें मी म्हणत नाहीं. परंतु आपण या शहरांत उपरे आहोंत काय, असा प्रश्न कोणी कधीं आपल्या मुलांना केलाच, तर त्यांना या मैदानावर घेऊन यावें. शेजारी शेजाऱ्यांबरोबरच उठला होता.

क्रॉस मैदान हें नांव तेथें मागें राहिलेल्या क्रूसावरून पडलें. त्या पाडलेल्या देवळाच्या अंगणांतलाच हा क्रूस, असें परंपरा सांगते. आजही तेथें भाविक मेणबत्त्या लावतात, आणि त्यांत सारेच ख्रिस्ती असतात असें नाहीं.

मैदान संपलें कीं धोबीतलाव. तलाव केव्हांच बुजला, नांव उरलें. ज्या फ्रामजी कावसजी या पारशी गृहस्थानें आपल्या पैशानें या तलावाच्या पाण्याची सोय केली, त्यांच्या नांवाचें सभागृह व वाचनालय बुजलेल्या जागीं उभें आहे. जवळच जेर महालाच्या जुनाट इमारतींत गोमंतकांतल्या एकेका गांवाच्या नांवाचे क्लब आहेत. त्यांना ते लोक 'कूड' म्हणतात. बोटीवर नोकरीस जाणाऱ्या खलाशानें दोन बोटींच्या मधले दिवस तेथें आपली पेटी ठेवावी आणि सायंकाळीं सर्वांबरोबर रोझरी म्हणावी, अशी ती व्यवस्था. १८६९ सालीं जर्मन येशूसंघीयांनीं स्थापिलेलें सेंट झेवियर्स कॉलेजही येथून पांच मिनिटांवर आहे. त्याविषयीं इतरांनीं पुष्कळ लिहिलें असल्यामुळें मी पुढें जातों.

मात्र मेट्रो चित्रपटगृहासमोरच्या एका पुतळ्यापाशीं मी तुम्हांला थांबविणार आहें. तो डॉ. अकासियु गाब्रिएल व्हिएगश यांचा. माणसें त्याच्या सावलींत बसची वाट पाहतात. त्याचें नांव विचारलें तर शंभरांतल्या एकालाही सांगतां येणार नाहीं. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत जो विचित्र ताप माणसें मारीत होता, तो गांठीचा प्लेग होय, हें प्रथम निदान करणारा हाच कॅथलिक वैद्य. हें निदान सुखासुखीं कोणास मान्य होणार? बंदर बंद पडेल, व्यापार बुडेल, अशी भीति होती. तरी डॉक्टर आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले आणि गरिबांच्या खोल्यांतून हिंडत राहिले. पुढें ते महानगरपालिकेचे अध्यक्षही झाले. पुढच्याच जानेवारींत डॉ. हाफकिन यांनीं याच शहरांत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःच्या अंगास टोंचून घेतली. तोंवर लाखों लोक मुंबई सोडून कोंकणांत, देशावर, गुजराथेंत पळाले होते.

या साथीची खूण शहराच्या नकाशावर उमटलेली आहे, आणि ती या पुतळ्यापासून शंभर-दोनशें पावलांवर सुरू होते. रोग अंधाऱ्या, कोंदट वस्तींत फैलावतो असें पाहून सरकारनें १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. पश्चिमेचा समुद्रवारा दाट वस्तीच्या पोटांत शिरावा म्हणून ट्रस्टनें दोन मोठे सरळ रस्ते आंखले: उत्तरेस सँडहर्स्ट रोड आणि येथें प्रिन्सेस स्ट्रीट. सध्यां त्यांस अनुक्रमें सरदार वल्लभभाई पटेल रोड आणि शामळदास गांधी मार्ग म्हणतात. प्रिन्सेस स्ट्रीटच्या तोंडाशीं उभे राहून सरळ पुढें पाहा आणि मग डाव्या-उजव्या हातांच्या गल्ल्या पाहा. गल्ल्या वेड्यावांकड्या, हा रस्ता मात्र सुरीनें कापल्यासारखा. तो ज्या वस्तीवरून गेला ती कॅव्हेल, मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची एक अत्यंत जुनी वाडी.

वारा आला, हें खोटें नाहीं. ट्रस्टच्या अधिकाऱ्यांना मी दुष्ट म्हणणार नाहीं. ज्या खोल्यांत माणसें किड्यांसारखीं राहत होतीं, त्या तशाच राहूं द्याव्यात असें कोणता सहृदय मनुष्य म्हणेल? पण वारा आला तो ज्यांच्यासाठीं आला म्हणतात, त्यांच्यापैकीं किती जण तो घेण्यास तेथें उरले? ज्याचें घर रस्त्याच्या रेषेंत आलें त्याला भरपाई मिळाली. परंतु नव्या रस्त्यावरच्या नव्या इमारतीचें भाडें त्याच्या आवांक्याबाहेरचें होतें. कॅव्हेल हें नांव कोळ्यांच्या वाड्यावरून आलें असें कांहीं म्हणतात, तर कांहीं त्याचा संबंध पोर्तुगीज 'कापेला' म्हणजे प्रार्थनामंदिर या शब्दाशीं लावतात. दोन्हीं व्युत्पत्ति आपल्याच घरच्या आहेत. आज तेथें कापडाचे, कागदाचे व औषधांचे व्यापारी दाटले आहेत, आणि त्यांच्या पाट्यांच्या मधून एखादें देऊळ अवचित दिसतें. तेथल्या एका रस्त्याला डॉ. व्हिएगश यांचें नांव दिलेलें आहे.

या भागांत हिंडतांना तुमच्या मनांत एक शंका येईल. इतक्या लहानशा टापूंत इतकीं कॅथलिक देवळें कशाला? उत्तर आपल्याला भूषणावह नाहीं, पण तें झांकण्यांतही अर्थ नाहीं. पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालील पाद्रोआदो आणि रोमच्या प्रोपागांदा मंडळाखालील व्हिकर यांच्यांत मुंबईच्या कॅथलिकांवर अधिकार कोणाचा, हा वाद पिढ्यानुपिढ्या चालला. १७९४ सालीं देवळें दोहोंत वांटलीं गेलीं. त्यामुळें एकाच गल्लींतले दोन सख्खे भाऊ दोन बिशपांच्या आज्ञेंत असूं शकत. १८५३ सालीं तर माहिमच्या सेंट मायकेलच्या देवळांत बिशप हार्टमन यांना आपल्या पक्षाच्या लोकांसह स्वतःला कोंडून घेण्याची वेळ आली. हा दुहेरी कारभार १९२८ सालच्या करारानें मिटला. देवळांची संख्या केवळ भक्तीनेंच वाढते असें नाहीं, हें महोत्सवाच्या दिवशींसुद्धां ध्यानांत ठेवण्यास हरकत नाहीं.

नांवाचीही एक गंमत सांगतों. गोवा व मंगळूर येथून आलेल्या ख्रिस्ती लोकांशीं नोकरीच्या बाजारांत गल्लत होऊं नये, म्हणून मुंबई, ठाणें, साष्टी व वसईकडील मूळच्या ख्रिस्ती लोकांनीं १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या महोत्सवाच्या वेळीं 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें. नांव कंपनीचें, पोटांतली भाषा मराठी! माझ्या मतें हें नांव आपल्याला परकें दाखवितें. पण ज्यांनीं तें घेतलें त्यांना पोटापाण्याचा प्रश्न होता, हेंही मी विसरत नाहीं.

ठाकूरद्वारावरून पुढें गेलें म्हणजे खोताची वाडी. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभु गृहस्थाच्या जमिनीवर ती वसली. त्यांच्याकडून ख्रिस्ती कुटुंबांनीं जागेचे तुकडे घेऊन घरें बांधलीं. बाहेर ओटा, वर लांकडी सज्जा, बाजूनें जिना, अशी त्यांची धाटणी. अंगणाला कुंपण नाहीं. शेजारणीनें ओट्यावर बसून कोळंबी सोलावी आणि येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करावी, असा तेथला रिवाज होता व थोडाफार अजून आहे. एके काळीं साठांहून अधिक असलेलीं हीं घरें आतां निम्म्यांहूनही कमी उरलीं आहेत. त्यांच्या डोक्यावर उंच इमारती वाकून पाहत आहेत. वाडींत एक चिमुकलें प्रार्थनास्थान आहे. प्लेगांतून वांचल्याबद्दल कृतज्ञतेनें १८९९ सालीं तें उभारलें गेलें.

येथें डॉ. व्हिएगश यांचा पुतळा, प्रिन्सेस स्ट्रीट आणि हें प्रार्थनास्थान यांचा धागा जुळतो. एकाच साथीनें या तीन खुणा ठेवल्या, आणि तिन्हीं अर्ध्या तासाच्या चालीवर आहेत. अशाच खुणा गिरगांवापासून वांद्र्यापर्यंत व पुढें साष्टीच्या गांवठाणांतून नाक्यानाक्यावर आहेत. प्लेगच्या दिवसांत देवळांत जमणेंही जेथें कठीण झालें, तेथें लोकांनीं आळींतच क्रूस उभारून सायंप्रार्थना सुरू केली. तुमच्या आजोळच्या नाक्यावरचा क्रूस जरा झुकून पाहा. चौथऱ्यावर चुन्याचे थर चढलेले असतील, पण ते हळूच पुसले तर पुष्कळ ठिकाणीं १८९६ ते १९०० च्या आसपासचें एखादें साल दिसेल.

आमच्या युवक मंडळांतल्या एकानें मला परवां विचारलें, "फादर, हें सारें ठाऊक असून उपयोग काय?" प्रश्न रोखठोक होता, म्हणून मला आवडला. उपयोग असा. २०१७ सालीं वांद्र्याच्या बाजार रोडवरील एक जुना क्रूस अनधिकृत ठरवून पाडण्यांत आला. जागा खासगी आहे आणि क्रूस फार जुना आहे, असें तेथील लोकांचें म्हणणें होतें. अशा वेळीं भक्तीची साक्ष कोणी घेत नाहीं. साल विचारतात, कागद विचारतात, छायाचित्र विचारतात. आपल्यापैकीं किती जणांना आपल्या वाडींतल्या क्रूसाचें साल तोंडपाठ आहे? २०२५ सालीं पूर्ण सुरू झालेल्या भुयारी मेट्रोच्या गिरगांव व काळबादेवी स्थानकांसाठीं तेथल्या जुन्या इमारती उतरविल्या गेल्या. ती मेट्रो मीही वापरतों आणि तिचे आभारही मानतों. पण त्या इमारतींतून जीं बिऱ्हाडें हललीं त्यांच्या घरांतले जुने फोटो, भाड्याच्या पावत्या, बाप्तिस्म्याचे दाखले यांचें काय झालें, हें विचारावयास कोणी गेलें काय? मैदान झालें तेव्हां कोणी लिहून ठेवलें नाहीं. प्रिन्सेस स्ट्रीट झाला तेव्हांही लिहून ठेवणारे थोडेच होते.

म्हणून महोत्सव समितीनें माझ्या विनंतीवरून एक वही घातली आहे. प्रत्येक कुटुंबानें आपला जुना पत्ता, घरमालकाचें नांव, कोणत्या साली व कोणत्या कारणानें तेथून निघालों, आणि नाक्यावर क्रूस असल्यास त्यावर काय कोरलेलें होतें, एवढेंच त्यांत लिहावयाचें. शुद्धलेखनाची काळजी नको. आजीबाईंनीं सांगावें आणि नातवंडांनीं लिहावें. वही देवळाच्या कचेरींत फातिमा मातेच्या तसबिरीखालीं ठेवलेली आहे.

फेरफटक्याचें म्हणाल तर, येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं पहिल्या मिस्सेनंतर आपण लोकलनें चर्चगेटला जाऊं. वृद्धांसाठीं मध्यें धोबीतलावाला इराण्याकडे चहाची विश्रांति ठेवली आहे. शेवट गिरगांवच्या सेंट तेरेझा देवळांत, ज्याला सारी मुंबई पोर्तुगीज चर्च म्हणते आणि जें १७७३ पासून तेथें आहे. परतीची गाडी चर्नी रोडहून धरावयाची. त्या नांवाचीही एक कथा आहे. मैदानावर गुरें चारण्यास सरकारनें कर बसविला तेव्हां गरिबांच्या गाईम्हशींची सोय व्हावी म्हणून सर जमशेटजी जीजीभाई यांनीं १८३८ सालीं ठाकूरद्वाराजवळचें कुरण विकत घेऊन तें सर्वांना मोकळें केलें. ती चरणी, म्हणून चर्नी, असें सांगतात. तेव्हां मैदानावरून उठविलेलीं गुरेंसुद्धां आपल्याच वाटेनें गिरगांवाकडे आलेलीं आहेत. पायांत मऊ वहाण असावी, पाण्याची बाटली असावी, आणि ज्यांच्या घरीं गिरगांवचा किंवा कॅव्हेलचा पत्ता लिहिलेलें एखादें जुनें पाकीट असेल त्यांनीं तें बरोबर आणावें. तें घर आज कोठें येतें, आपण तेथेंच उभे राहून शोधूं.